बारीक तंगूस का तुटत नाही?

पावसाळा ओसरून नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागले, की वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) परिसरात, तसेच धाम नदीच्या डोहांशी आणि आसपासच्या गावतलावांच्या पाळीवर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. त्यांतील बहुतेकांच्या हाती बांबूची जुनी काठी असते, तर अलीकडे काहींच्या हाती करंगळीएवढा जाड, वाकला तर कमानीसारखा होणारा रॉड आणि त्याखाली लटकणारे छोटे रीळ असते. या दुसऱ्या साधनाला ‘हलके स्पिनिंग’ म्हणतात आणि ते पाहणाऱ्याला एक कोडे हमखास पडते. ज्या तंगुसाच्या म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याच्या वेष्टनावर ८ पौंड, अर्थात सुमारे ३.६ किलो एवढीच ताकद छापलेली असते, त्या तंगुसाने पाच किलोचा मासा काठाला येतो. उलट बांबूला गाठ मारून बांधलेला त्याहून दणकट दोरा किलो-दीड किलोच्या माशाच्या एका हिसड्यासरशी तुटतो. हे कसे घडते, हा प्रश्न यंत्राचा आहे. पण त्याआधी मासा काठापासून पंधरा-वीस मीटरांच्या आत येतोच का, हा प्रश्न पाण्याचा आहे, आणि हलक्या साधनाची फेक तेवढीच असल्यामुळे त्याचे उत्तर आधी शोधावे लागते.

मासा काठाशी का येतो

काठाजवळच्या हलक्या मासेमारीचे जगातले गाजलेले उदाहरण उत्तर अमेरिकेतील सामन माशाचे आहे. १९६६ साली मिशिगन राज्याने प्रशांत महासागराच्या बाजूचा ‘कोहो’ जातीचा सामन मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांत सोडला, पुढच्याच वर्षी ‘चिनूक’ ही जात सोडली, आणि सरोवरात बेसुमार माजलेल्या एलवाइफ नावाच्या लहान माशांवर ते दोन्ही पोसले गेले. सामनाला साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. उन्हाळ्यात सरोवराचा वरचा थर तापतो, कोमट पाणी हलके असल्याने वरच राहते आणि थंड पाणी खाली दडते, त्यामुळे सामनही काठापासून दूर, खोल पाण्यात राहतो. सप्टेंबर उजाडला, की काठाचे पाणी निवू लागते, शिवाय अंडी घालण्यासाठी जन्माच्या ओढ्याकडे परतण्याची ओढ लागते, आणि मग हा मासा ओढ्यांच्या मुखाशी, धक्क्यांच्या आसपास घुटमळू लागतो. एरवी होडी आणि खोलवर आमिष नेणारी अवजड साधने लागणारा मासा त्या काही आठवड्यांत काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या टप्प्यात येतो.

वर्धा जिल्ह्यात सामन नाही आणि असण्याचे कारणही नाही, कारण येथील पाणी त्याला सोसणारे नाही. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. १० अंशाच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यात जेमतेम साडेसात. मात्र काठाचा हिशेब येथेही चुकत नाही, फक्त त्याची दिशा उलटी आहे. सप्टेंबरअखेर धरणे आणि तलाव भरतात, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेरावर वाढलेले गवत आणि बेशरमीची झुडपे पाण्याखाली जातात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर कीटकांच्या अळ्या आणि झिंगे, आणि त्यांच्यावर चिलापीची व इतर माशांची पिल्ले. हे सगळे उथळ पाण्यात घडते, कारण सूर्यप्रकाश तळापर्यंत तेथेच पोचतो. शिकार करणारा मासा आपल्या अन्नामागे येतो. पुढे गहू-हरभऱ्यासाठी कालव्यांना पाणी सोडले, की पातळी उतरू लागते, गवतात दडलेली पिल्ले पाण्याबरोबर मागे सरतात, आणि गवत जेथे संपते त्या रेषेवर त्यांची वाट पाहिली जात असते. डिसेंबरात रात्री कडाक्याच्या असतात. तेव्हा पहाटे काठावर कुडकुडत बसणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही, आणि दहा-अकराच्या सुमारास उथळ पाण्यावर ऊन चढले, की मासा त्या उबेला येतो. सामन काठाचे पाणी निवल्यावर येतो, तर वर्ध्याकडची मरळ हिवाळ्यात ते तापल्यावर येते. कोणत्या ऋतूत दिवसाच्या कोणत्या प्रहरी गळ टाकावा, हे माशाच्या शरीराला कोणते तापमान मानवते यावरून ठरते, पंचांगावरून नव्हे.

फिरत्या आमिषाला कोण भुलतो

स्पिनिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. धातूचा चकचकीत चमचा, गरगर फिरणारे पाते किंवा रबरी बेडूक असे नकली आमिष फेकून, ते जिवंत असल्यासारखे ओढत आणले जाते. त्यामुळे या साधनाला भुलणारा मासा शिकारीच असावा लागतो. धरणांत मत्स्यबीज सोडले जाते ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांचे. कटला वरच्या थरातले तरंगते सूक्ष्म प्राणी गाळून खातो, रोहू मधल्या थरातील वनस्पतिजन्य अन्नावर जगतो आणि मृगळ तळाचा गाळ चाळतो, तेव्हा यांपैकी कोणालाही धावत्या चमच्याचे सोयरसुतक नसते. त्यांच्यासाठी कणकेची गोळी आणि बांबूची काठी हेच साधन योग्य, आणि चकचकीत रीळ घेऊन रोहूची वाट पाहणाऱ्याने आपली हौस चुकीच्या माशावर खर्च केली आहे असे म्हणावे लागते. स्पिनिंगला भुलतात ते मरळ, मोठ्या तोंडाचा पढीण, तळाशी वावरणारा शिंगाडा आणि क्वचित चालट. कोकणात पावसाळ्यानंतर खाड्यांच्या मुखाशी येणाऱ्या रावसासाठीही याच प्रकारचे साधन चालते.

पाणी गढूळ असताना माशाला आमिष दिसण्यापेक्षा जाणवते. माशाच्या दोन्ही अंगांवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या छिद्रांखालच्या पेशी पाण्याची सूक्ष्म हालचाल टिपतात, म्हणून गोल फिरणाऱ्या पात्याची थरथर जवळ आलेल्या माशाला अंधारातही कळते. पाणी निवळल्यावर डोळ्यांचे काम वाढते आणि तेव्हा लहान, कमी भपक्याचे आमिष अधिक विश्वासार्ह ठरते.

सेवाग्रामची चाती आणि मासेमाराचे रीळ

पाच-दहा ग्रॅमचे आमिष वीस-पंचवीस मीटर फेकणे बांबूच्या काठीने जमत नाही आणि जुन्या पद्धतीच्या फिरत्या रिळानेही कठीण जाते. फिरत्या रिळात दोरा सुटण्यासाठी दोरा गुंडाळलेली आख्खी फिरकी गतिमान व्हावी लागते. आमिष हलके असले, तर तिला फिरवण्यातच त्याचा जोर संपतो, आणि आमिष मंदावल्यावरही फिरकी फिरत राहिली तर दोऱ्याचा गुंता होतो. यावरचा तोडगा मासेमारीतून नव्हे, कापडाच्या धंद्यातून आला. १८८४ साली स्कॉटलंडच्या पीटर मॅलॉकने फेकीच्या वेळी फिरकी आडवी वळवून दोरा तिच्या टोकावरून सोडणारे रीळ काढले होते; १९०५ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे कापड उत्पादक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी फिरकी पूर्णपणे स्थिर ठेवणाऱ्या रिळाचे पेटंट घेतले.

ही युक्ती समजून घ्यायला वर्ध्याच्या वाचकाला दूर जावे लागत नाही, कारण गांधीजी १९३६ साली जेथे राहायला गेले ते सेवाग्राम आणि १९३८ साली त्यांच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय येथे चरखा जवळून पाहता येतो. चरख्याची चाती म्हणजे टोकदार सळई वेगाने फिरत असते. सूत चातीच्या रोखाने, तिच्या टोकाकडे तिरके धरले, तर चातीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ते टोकावरून निसटते आणि निसटताना त्याला एक पीळ बसतो. तेच सूत चातीला काटकोनात धरले, की निसटणे थांबून ते चातीवर गुंडाळले जाते. स्पिनिंग रिळात हाच प्रकार भूमिका बदलून घडतो. येथे दोरा धरून ठेवणारी फिरकी स्थिर असते आणि हँडल फिरवले, की तिच्याभोवती एक आडवी तार फिरून दोरा गुंडाळते, बहुतेक रिळांत हँडलच्या एका फेऱ्याला सुमारे पाच वेळा. फेकताना ती तार बाजूला करतात आणि दोरा फिरकीच्या टोकावरून, काहीच न फिरवता, वेटोळ्यावेटोळ्यांनी निसटतो; म्हणून हलके आमिषही लांब जाते.

चातीच्या उदाहरणातून रिळाची एक खोडही उलगडते. गुंडाळताना प्रत्येक वेटोळ्याला एक पीळ चढतो आणि फेकताना तो उतरतो, त्यामुळे हिशेब बरोबर सुटतो. पण मासा जोरात ओढत असल्यामुळे फिरकी घसरत आहे आणि घाबरलेला मनुष्य तरीही हँडल फिरवतच आहे, असे झाले तर दोरा एक बोटभरही आत येत नाही, मात्र हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला त्यात पाच पीळ भरले जातात. सूत कातणाऱ्याला पीळ हवा असतो, मासेमाराला तो नको असतो. असा पीळ चढलेला तंगूस पुढच्या फेकीला सैल पडताच स्वतःभोवतीच गोळा होतो. रीळ वाईट निघाले अशी तक्रार जेथे ऐकू येते, तेथे बहुधा ही सवय कारण असते.

फिरकी घसरते, म्हणून तंगूस टिकतो

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. मासा पाण्यात असेपर्यंत त्याचे वजन तंगुसावर येतच नाही. हाडे असलेल्या बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या आधाराने मासा पाण्यात जवळजवळ वजनरहित असतो. दोऱ्यावर येतो तो फक्त त्याच्या पोहण्याचा आणि हिसड्याचा ताण. पोहण्याचा सलग ताण शरीराच्या वजनाच्या मानाने माफक असतो. दोरा तुटतो तो हिसड्याने, कारण धावणारा मासा एका क्षणात थांबवायचा झाला तर त्याचा सारा वेग अत्यल्प वेळात आणि अत्यल्प अंतरात शून्यावर आणावा लागतो, आणि थांबण्याचे अंतर जितके कमी तितका ताण जास्त. न वाकणारा बांबू आणि न सुटणारा दोरा हे अंतर देतच नाहीत.

हलक्या साधनात हे अंतर तीन ठिकाणांहून मिळते. रॉड वाकतो आणि पहिला धक्का स्वतःवर घेतो. नायलॉन थोडा ताणला जातो. आणि ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की फिरकीच घसरून दोरा सोडू लागते. या तिसऱ्या सोयीला ‘ड्रॅग’ म्हणतात. फिरकीच्या खाली नमद्याच्या किंवा कार्बनच्या तंतूंच्या चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात, वरची गुंडी आवळली की दाब वाढतो, आणि त्या चकत्यांमधील घर्षणावर फिरकी किती जोराने ओढल्यावर घसरेल हे ठरते. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे ३.६ किलोच्या तंगुसाला साधारण एक ते सव्वा किलो. उरलेली ताकद राखीव का ठेवायची, याला कारणे आहेत. गाठ मारलेल्या जागी नायलॉन दुबळा होतो. स्थिर चकत्या हलवायला लागणारा जोर, त्या हलत्या ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा अधिक असतो, म्हणून फिरकी घसरायला सुरुवात होण्याच्या क्षणी ताण झटकन चढतो. रॉडवरील कड्यांशी वाकून जाणारा दोराही आपल्या घर्षणाची भर घालतो.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. मासा दोरा घेऊन लांब गेला, की फिरकीवरचा दोरा संपत जातो आणि गुंडाळीची त्रिज्या घटते. गुंडी न हलवताही त्यामुळे ड्रॅग कडक होत जातो, कारण तेच घर्षण आता आखूड दांड्याने ओढून मोडायचे असते. त्रिज्या २ सेंटिमीटर असताना १ किलोला घसरणारी फिरकी, त्रिज्या दीड सेंटिमीटर झाली की सुमारे १.३ किलोला घसरते. मासा लांब गेल्यावर गुंडी आवळण्याचा मोह होतो, आणि नेमका तेव्हाच तो घातक असतो.

एक किलोच्या ताणाविरुद्ध मासा एक मीटर दोरा ओढतो तेव्हा त्याची सुमारे १० जूल ऊर्जा चकत्यांच्या घर्षणात उष्णता होऊन जाते. माशाच्या अंगात दोन प्रकारचे स्नायू असतात. संथ पोहण्यासाठी तांबूस आणि झटापटीसाठी पांढरे. पांढरे स्नायू प्राणवायूवाचून काम करतात, म्हणून ताकद एकदम देतात आणि काही मिनिटांत थकतात. मासा ओढत असताना हात हँडलवरून काढून रॉड उभा धरावा, तो थांबला की रॉड हळू मागे घ्यावा, आणि पुढे झुकवताना सैल पडलेला दोरा गुंडाळावा, एवढ्यावर बारीक तंगूस मोठ्या माशाला पुरून उरतो. शेवटी काठाशी आल्यावर मात्र त्याला दोऱ्याने उचलू नये, कारण पाण्याबाहेर येताच त्याचे सगळे वजन परत येते. तेथे हातजाळेच लागते.

> चौकट : घरी ड्रॅग कसा जुळवावा
> दोरा रॉडच्या सर्व कड्यांतून ओवून त्याचे टोक हातातल्या स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधावे. दुसऱ्या माणसाने रॉड तिरका धरावा आणि आपण काटा सावकाश ओढावा. ८ पौंडी तंगुसासाठी काटा एक किलोच्या आसपास असताना फिरकी घसरू लागेल इतपत गुंडी फिरवावी. घसरताना काटा हेलकावत असेल, तर चकत्या घाण किंवा कोरड्या झाल्या आहेत. काम संपल्यावर गुंडी सैल करून ठेवावी, म्हणजे नमदा दबून कडक होत नाही.

पाण्याखालून काठ कसा दिसतो

काठाजवळच्या मासेमारीत माशाला मनुष्य दिसणे ही मोठी अडचण असते, आणि तिचे मूळ प्रकाशाच्या वक्रीभवनात, म्हणजे हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वाकण्यात आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीत कोंबलेले दिसते. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. पाण्याशी कमी कोन करून येणारे दृश्य या खिडकीच्या कडेला चेपून, फिकट होऊन जाते. दहा मीटर अंतरावरील माशाच्या दृष्टीने, पाण्याच्या पातळीपासून १.७ मीटर उंचीवरचे उभ्या माणसाचे डोके सुमारे साडेनऊ अंशांवर येते. तोच मनुष्य बसला, तर पाच अंशांच्या आसपास. तलावाच्या उंच पाळीवर उभे राहिले, तर हा कोन दुप्पट होतो. म्हणून अनुभवी भोई आणि ढीवर मंडळी पाळीवर उभी न राहता खालच्या दगडांवर उकिडवी बसतात, आणि त्यामागचे गणित कुणी कागदावर मांडले नसले तरी ते बरोबर आहे.

मरळीचा श्वास

या भागात हलक्या स्पिनिंगला सर्वांत साजेसा मासा म्हणजे मरळ, जिला तेलंगणाने आपला राज्यमासा मानले आहे. डोके सापासारखे, अंग लांबट आणि गोल. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी एक पोकळी असते आणि तीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पूर्ण वाढलेली मरळ केवळ पाण्यातील प्राणवायूवर जगू शकत नाही, तिला ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो, आणि वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. याच क्षमतेमुळे ती आटत्या, गढूळ डबक्यात तग धरते आणि बाजारात जिवंत विकली जाते. पण याच गरजेमुळे तिचा ठावही लागतो. पाणवनस्पतींच्या मधल्या मोकळ्या जागेत ‘टुपुक्’ असा आवाज होऊन एक वलय उठले, की ती तेथे आहे हे निश्चित.

अशा वेळी आमिष वलयावर टाकले, तर ती बिचकून खाली जाते. ते वलयापलीकडे दोन-तीन मीटर टाकून, तिच्या वाटेवरून बेडकासारखे थांबत थांबत आणावे लागते. पोकळ रबरी बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो वेलींत अडकत नाही. मरळीने तो चावला, की रबर चेपते आणि गळ उघडे पडतात. यामुळेच पाणी उसळताच रॉड झटकणे चुकीचे ठरते. ती भक्ष्य आधी तोंडात धरते, खाली नेते, मग वळवून गिळते. बेडूक दिसेनासा होऊन दोरा सरकू लागेपर्यंत थांबावे लागते. सामनाच्या बाबतीत असा धीर लागत नाही, कारण अंडी घालायला निघालेला सामन खाणे जवळजवळ सोडून देतो आणि आमिषावर झडप घालतो ती भुकेपेक्षा चिडीने.

पावसाळ्यात मात्र हा खेळ थांबवावा, याला जीवशास्त्रीय आधार आहे. मरळ तेव्हा अंडी घालते, आणि नारिंगी-तांबड्या पिल्लांचा थवा पृष्ठभागाशी हिंडत असताना आईबाप त्याखाली पहारा देतात. थव्याजवळून गेलेल्या कशावरही ते झडप घालतात, त्यामुळे त्यांना पकडणे अतिशय सोपे असते. पण पहारेकरी गेला, की सारा थवा थोड्याच वेळात इतर माशांच्या पोटात जातो.

गळ कोठे टाकता येतो

पाणी दिसले म्हणून गळ टाकता येतो असे नाही. सेलू तालुक्यातील बोर धरणाचा परिसर २०१४ साली घोषित झालेल्या बोर व्याघ्र प्रकल्पाशी निगडित असल्याने संरक्षित हद्दीतील पाण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. धामवरील महाकाळीचे धरण, आर्वी तालुक्यातील धनोडीजवळचा निम्न वर्धा प्रकल्प यांसारख्या जलाशयांतील आणि अनेक तलावांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. बीज संस्थेने सोडलेले असते आणि राखणही तिचेच सभासद करतात, तेव्हा हौशी माणसाने आधी त्यांची परवानगी घेणे ओघाने येते. त्या भेटीत आणखीही काही पदरात पडते. जाळे रोज टाकणाऱ्यांना पाण्याखाली जुना नाला कोठून जातो, बाभळीची बुडालेली खोडे कोठे आहेत आणि यंदा गवत कोणत्या बाजूला बुडाले आहे, हे ठाऊक असते.